कमी भरलेली फाइल

आमच्या घरात पायाला नेहमी टिकल्या चिकटलेल्या असायच्या. पुठ्ठ्याच्या. अब्बा जॅकार्डच्या मागासाठी कार्डं पाडायचे, म्हणजे चादरीवरचं डिझाइन मागाला कळावं म्हणून पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांवर भोकं पाडायचे, आणि प्रत्येक भोकातून एक गोल टिकली निघून जमिनीवर पडायची. अम्मी दिवसातून तीनदा झाडायची, तरी त्या अंथरुणात, पाण्याच्या हंड्यात, कधी भाकरीच्या पिठातसुद्धा सापडायच्या. शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत पुढच्या खोलीत पंचिंगचं मशीन होतं आणि मागच्या खोलीत आम्ही सगळे. मशीनचा आवाज खट्ट, मग थोडं थांबून पुन्हा खट्ट. गल्लीच्या टोकाला पॉवरलूम होते, त्यांचा आवाज अखंड. लाइट गेली की ते बंद व्हायचे आणि अब्बांचं मशीन पायाने चालणारं असल्यामुळे एकटंच वाजत राहायचं. तेवढ्या वेळात अम्मी शेजारणीशी बोलून घ्यायची, कारण एरवी ओरडल्याशिवाय ऐकू यायचं नाही. शुक्रवारी दालचा, बाकी दिवस ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगांची चटणी. चटणी वाढताना अम्मी आधी ताटात फुंकर मारायची, टिकली असेल तर उडून जावी म्हणून. ती सवय तिला शेवटपर्यंत राहिली, मशीन घरातून गेल्यावरही.

हे काम दोघांचं असतं. एकाने ग्राफ वाचायचा, दुसऱ्याने पाडायचं. ग्राफच्या कागदावर बारीक चौकोन असतात. भरलेला चौकोन म्हणजे भोक, कोरा म्हणजे सोडून द्यायचा. वाचणाऱ्याने ओळीवर पट्टी ठेवून म्हणत जायचं, "दो छोड, तीन मार, एक छोड, पाच मार." एक ओळ संपली की एक कार्ड झालं, आणि मागावर आडवा एक धागा त्या कार्डाच्या हुकमाने जायचा. आधी अम्मी वाचायची, मग तिला बारीक चौकोन दिसेनात तशी मी वाचायला लागले. शाळेची कविता पाठ नसली तरी चालायचं, ओळ चुकली तर चालायचं नाही. एक कार्ड चुकलं तर प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक येणार.

आमच्या धंद्यात चोरीची एकच रीत होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. कारखानदार डिझाइन काढून घ्यायचा, पंचवाल्याकडे द्यायचा. लबाड पंचवाला सगळी कार्डं एकदम द्यायचा नाही. किनारीची कार्डं काढून ठेवायचा, "दोन दिवसांत देतो" म्हणायचा आणि तेवढ्यात त्यांची नक्कल दुसऱ्या कारखान्याला विकायचा. चादर ओळखली जाते किनारीवरून, मधल्या भागावरून नाही. म्हणून कार्डं घ्यायला आलेला माणूस आधी पाणीसुद्धा प्यायचा नाही. जमिनीवर बसून दोरीत ओवलेली कार्डं मोजायचा. आकडा जुळला की मग चहा. जुळला नाही तर भांडण होत नसे, फक्त डिझाइन येणं थांबत असे. पलीकडच्या गल्लीतले एक पंचवाले असेच थांबले आणि रिक्षा चालवायला लागले. त्यांनी खरंच काही केलं होतं का, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

बारावीनंतर मी कॉम्प्युटरचा क्लास केला आणि बंद पडलेल्या एका क्लासमधला कॉम्प्युटर आमच्या घरी आला. अम्मीने त्याला जुन्या चादरीचं आवरण शिवलं, टिकल्या आत जाऊ नयेत म्हणून. मी त्यावर ग्राफ करायला लागले. हाताने महिना लागायचा ते काम आठवड्यात व्हायला लागलं. प्रोग्रॅम जुना होता, मोठं डिझाइन एका फाइलीत मावायचं नाही, म्हणून मी त्याचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकाची वेगळी फाइल ठेवायची आणि सगळे एका फोल्डरमध्ये. मग छापून, कागद जोडून, अब्बांना वाचून दाखवायचं. अब्बा स्क्रीनकडे बघायचे नाहीत. म्हणायचे, "काच में का मेरे कू नै दिखता. कागज दे."

मल्लेश अण्णा आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. अक्कलकोट रोडला कारखाना, घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि अब्बांशी बोलताना दोन्हींत थोडी आमच्या घरची बोली मिसळलेली. त्यांनी त्या उन्हाळ्यात हत्तींच्या रांगेची एक चादर काढायला सांगितली, जाईच्या वेलीची किनार. कार्डं पाडायच्या आधी फाइलीची एक प्रत आपल्या कारखान्यात हवी, असं ते म्हणाले. कार्डांचे संच ते कपाटात कुलूप लावून ठेवायचे, तसंच हेही. त्यांचा भाचा श्रीनू हैदराबादहून कॉम्प्युटर शिकून आला होता आणि त्याने कारखान्याच्या ऑफिसात नवीन मशीन मांडलं होतं. आमच्यापेक्षा वेगळी सिस्टिम. तो स्कूटरवर आला, मी फोल्डर फ्लॉपीवर दिलं, तो गेला. तो पोचायच्या आत अण्णांचा फोन आला. कार्डांबद्दल विचारायचे तसंच त्यांनी विचारलं, "किती भरलं गं, नसीम?" मी फोल्डरवर क्लिक केलं, दिसला तो आकडा वाचून दाखवला. अण्णांनी तो लिहून घेतला असावा.

संध्याकाळी ते स्वतः आले. मागे श्रीनू. अण्णा दारातच उभे राहिले, बसले नाहीत.

"कादरभाई, माल कमी भरला की ओ."

"कैसा कम? कार्डां तो अभी पाडेच नै, अण्णा."

"कार्डं न्हाईत ओ, फाइल. पोरगी फोनवर एक सांगती, आमच्याकडं आल्यावर निम्मं बी भरंना. वाटंत सांडलं काय?"

श्रीनू हळूच म्हणाला, "मामा, कॉपी नीट झाली आहे. एरर नाही आला."

"मग बाकीचं कुटं गेलं?"

"ते बघावं लागेल. आपल्याकडं हिचा प्रोग्रॅम नाही, फाइल उघडत नाही."

"बघावं लागेल म्हणं. चार वर्सं काय बघितलं तिथं, चारमिनार?"

अण्णा माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता, त्यानेच जास्त भीती वाटली. "एकदा माझी किनार गेली हाय. माझी चादर मागावर चढायच्या आत दुसऱ्याच्या दुकानात टांगलेली बघितली मी. पुन्हा न्हाई बघायची. निम्मं हितं का ऱ्हायलं, ते मला कळू दे. सोमवारपर्यंत कळू दे. मंगळवारी बाजारात कुणी इचारलं, कादरभाईकडं काम द्यावं का, तर मी खोटं न्हाई बोलणार."

चहा तसाच राहिला. ते गेल्यावर अब्बांनी मशीनवरची कार्डं उचलून बाजूला ठेवली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "किसकू दिखाई क्या?"

"नै."

"क्लास के किसी दोस्त कू? भूल से?"

"नै बोली ना, अब्बा."

"कम आये बोले तो किसी ने तो निकाला होता, बेटी. कार्डां अपने आप चल के नै जाते."

अम्मी मागच्या खोलीतून म्हणाली, "पोरी कू क्या पूछते? तुम बाजू में बैठे थे." मी कॉम्प्युटरवर आवरण घातलं आणि जेवायला बसले. त्या दिवशी काय जेवलो ते आठवत नाही, पण फुंकर मारल्याशिवाय चटणी वाढली गेली हे आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवरण काढलं. रागाने नाही, काम शोधून काढायचं होतं आणि ते माझ्याशिवाय कुणी काढणार नव्हतं. फोल्डरची माहिती उघडली. तिथे एक नाही, दोन आकडे होते, एकाखाली एक. वरचा लहान, खालचा मोठा. फोनवर मी खालचा वाचला होता. वरचा त्याच्या निम्माही नव्हता, म्हणजे अण्णा सांगत होते तेवढाच. आणि मी वाचलेला मोठा आकडा तर एका फ्लॉपीत मावण्यासारखाच नव्हता, तरी सगळं एकाच फ्लॉपीत गेलं होतं. मग मी डिझाइनचा प्रोग्रॅम उघडला. त्यात खाली कोपऱ्यात तिसराच आकडा, दोन्हींपेक्षा मोठा. एकाच हत्तीची तीन वजनं.

क्लासच्या जाड पुस्तकात याबद्दल एक परिच्छेद निघाला. परीक्षेला येत नाही म्हणून शिकवला नव्हता. डिस्कवरची जागा कप्प्यांत वाटलेली असते. फाइल कितीही लहान असो, ती पूर्ण कप्पा अडवते, उरलेली जागा रिकामी राहते. आमच्या मशीनचे कप्पे मोठे होते, आणि माझ्या फायली बारीक आणि पुष्कळ. प्रत्येकीने एकेक मोठा कप्पा अडवला होता. खालचा आकडा अडवलेल्या जागेचा, वरचा खऱ्या मालाचा. फ्लॉपीचे कप्पे लहान, श्रीनूच्या सिस्टिमचेही लहान. प्रोग्रॅमचा आकडा वेगळा, कारण त्याने चित्र पसरून ठेवलेलं असतं. चादर पसरली की खोली भरते, घडी केली की कपाटात एका कोपऱ्यात बसते. वर आणखी एक गंमत अशी की एका केबीला कुठली सिस्टिम हजार बाइट धरते तर कुठली एक हजार चोवीस, आणि नाव दोन्हीकडे एकच. आमच्याकडे कडब्याच्या पेंढ्यांचा शेकडा घेताना वर चार पेंढ्या जास्त घालून घेतात, तरी त्याला शेकडाच म्हणतात, तसलाच प्रकार.

आज हे मी आठवड्यातून एकदा तरी कुणाला सांगते. मोबाइलवर फोटो एवढा दिसतो, लॅपटॉपवर तेवढा, मेलने पाठवला की तिसराच. नवीन पेनड्राइव्ह घेतला तर पाकिटावर लिहिलेलं आत भरत नाही. लोक दुकानदाराशी भांडून येतात आणि मग मला विचारतात. मी एका वाक्यात सांगते आणि कामाला लागते. पटलं का, हे विचारणं मी सोडून दिलं आहे. तेव्हा मात्र पटणं गरजेचं होतं.

अब्बांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, "बोले तो कम्प्युटर झूट बोलता क्या?"

"झूट नै. तुम माल पूछते, वो जगा बताता."

"और अण्णा का कम्प्युटर?"

"वो माल बताता."

अब्बांनी मान हलवली. पटल्याची ती मान नव्हती. "चल," म्हणाले, "अण्णा कू बोल के देख."

कारखान्यात आम्ही गेलो तेव्हा अण्णा कामगारांना ओरडत होते. आमच्याकडचे दोन्ही आकडे मी लिहून नेले होते, ते श्रीनूच्या मशीनवरच्या आकड्याशेजारी धरून दाखवले. श्रीनूला लगेच कळलं, तो म्हणाला, "मामा, बरोबर आहे हिचं, मलाच आधी सुचायला हवं होतं." अण्णांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मग मी डब्यांचं उदाहरण दिलं. मोठ्या डब्यात मूठभर मेथी ठेवली तरी फळीवर जागा डब्याएवढीच अडते, तीच मेथी चिमुकल्या डबीत घातली तर...

"डबे नको सांगू, पोरी," अण्णा म्हणाले. "डबे माझ्या बायकोकडं बी हाईत. कार्डं दाखव."

"म्हणजे?"

"तुझ्याकडच्या फाइलीवरनं एक सेट पाडा. आमच्याकडची फाइल परत न्या, तिच्यावरनं एक सेट पाडा. भोकावर भोक बसलं तर मी मान्य करीन. न्हाई बसलं तर समजलं."

अब्बा खुर्चीतून उठले. "दो सेट? अण्णा, एक डिझाइन के दो सेट मैं जिंदगी में नै पाडा. दुसरा सेट बोले तोच चोरी ना?"

"माझ्यासमोर जाळायचा दुसरा."

असं ते ठरलं. नक्कल केली नाही हे सिद्ध करायला नक्कल करायची. श्रीनूने त्याच्याकडची फाइल वेगळ्या फ्लॉपीवर घालून दिली, आणि अण्णांनी त्या फ्लॉपीच्या पाकिटावर स्वतःची सही केली.

ते दिवस मला अजून थकवतात. अब्बांचा उजवा खांदा तेव्हाच दुखायला लागला होता. उन्हाळा, पाणी चौथ्या दिवशी येणार, पत्र्याखाली पंखा गरम हवा फिरवायचा. पहिला सेट माझ्या फाइलीवरून, दुसरा अण्णांच्या. दोन्ही वेळा मीच वाचत होते, कारण दुसरं कुणी वाचणारं नव्हतं. अब्बा आणि मी सकाळपासून हातभर अंतरावर बसायचो. आणि त्या सगळ्या दिवसांत आमच्यात याशिवाय काही बोलणं झालं नाही: दो छोड, तीन मार, एक छोड, सात मार. ओळ संपली की मी थांबायची, ते कार्ड काढून उलटं ठेवायचे, नवीन लावायचे. अम्मी मध्ये चहा ठेवून जायची. एकदा तिने दारात उभं राहून म्हटलं, "बापबेटी लडाई तो करो. इत्ता चुप मेरे कू नै होता." मी पुढची ओळ वाचली. दुसऱ्या सेटच्या मध्यावर, जाईची वेल वळते त्या ओळीला, मी वाचायच्या आत अब्बांचा पाय मशीनवर पडला. बरोबर पडला. पहिल्या सेटमुळे ती ओळ त्यांना पाठ झाली होती. ते थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि कार्ड काढून फाडून टाकलं. "तू बोल," म्हणाले. "तू बोली तोच मारूंगा." पाठ असलेलं पाडलं तर परीक्षेला अर्थ राहिला नसता. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी अण्णा आणि श्रीनू आले. अण्णांनी आधी दोन्ही सेट मोजले, ओठ हलवत, तेलुगूत. आकडा जुळला. तरी उठले नाहीत. दोन्ही सेटमधलं एकेक कार्ड घेऊन ते एकावर एक ठेवायचे आणि खिडकीच्या उन्हाला धरायचे. भोकातून ऊन आरपार आलं की कार्डं खाली. किनारीची कार्डं आली तेव्हा ते सावकाश झाले. अब्बा भिंतीला टेकून उभे होते. मी उभी नव्हते. मी भाकऱ्या थापत होते, कारण जेवणाची वेळ झाली होती आणि अम्मीचा हात भाजला होता. शेवटचं कार्ड खाली गेल्यावर अण्णा म्हणाले, "बसलं की ओ."

श्रीनू म्हणाला, "मी सांगत होतो, मामा."

"तू सांगत हुतास. तुझं ऐकून धंदा केला असता तर चारमिनारपाशी बांगड्या विकत बसलो असतो." मग अब्बांकडे वळून, "कादरभाई, मनात ठेवू नका. लई पोळलेलो हाय मी."

"हौ, अण्णा," अब्बा म्हणाले.

दुसरा सेट अंगणात नेला. पुठ्ठा जाड, सहजी पेटत नाही, म्हणून मी दोरी कापून कार्डं सुटी केली आणि बंबात एकेक घातली. प्रत्येक कार्ड बरोबर होतं. अण्णा शेवटपर्यंत उभे राहिले आणि राखेत काठी फिरवून बघितल्यावर मगच आत येऊन बसले. मग चहा झाला. मग भाकरीही झाली. जाताना त्यांनी पुढच्या डिझाइनचा कच्चा कागद अब्बांच्या हातात दिला आणि म्हणाले, "पोरीलाच करू दे. हात साफ हाय तिचा." अब्बांनी कागद मला दिला. म्हणाले, "पानी गरम है. नहा ले पहिले."

मी न्हाले. केस ओले असतानाच पुढच्या खोलीत आले आणि कॉम्प्युटरचं टेबल ओढायला लागले. ते खिडकीकडे पाठ करून होतं, गल्लीतून जाणाऱ्याला डिझाइन दिसू नये म्हणून. एकटीला ओढेना. अब्बा आले, त्यांनी काही न विचारता दुसरी बाजू धरली, दुखऱ्या खांद्यानेच, आणि आम्ही ते फिरवलं. आता मी काय करते आहे ते पंचिंगच्या मशीनवर बसलेल्या माणसाला मान वळवली की दिसणार होतं. अब्बांनी हात झटकले. मग म्हणाले, "ये नक्को था, बेटी."

"रहने दो," मी म्हणाले.

अब्बांनी त्यानंतर कधी मान वळवली नाही. मुद्दाम वळवली नाही, हे मला कळायचं. ते आता नाहीत, कार्डंही कुणी हाताने पाडत नाही. माझं ऑफिस आहे, चार मुली काम करतात, डिझाइन सरळ मागावर जातं. माझी स्क्रीन अजून दाराकडे तोंड करून आहे, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. गिऱ्हाइकांना वाटतं, कुणी वास्तुवाल्याने सांगितलं असेल. मी हो म्हणते.